काटे काढलेली काठी

दौंडात मी तेव्हा छापखान्यात खिळे जुळवायचो आणि फावल्या वेळात मंडळाची पत्रकं वाटायचो. त्या दिवशीचं पत्रक अस्पृश्यतेविरुद्ध होतं. कायदा होऊन वर्षं लोटली, मग शिवाशिव अजून का चालते, असा सरळ सवाल. उरलेली पत्रकं सदऱ्याखाली कोंबून घरी निघालो. परतीचा पाऊस असा कोसळत होता की स्टेशनपासून बाजारापर्यंत रस्त्याचा गढूळ कालवा झाला होता. बाजार संपला की ओढा, ओढ्यापलीकडं आमची आळी. पूल नव्हता. तो दर निवडणुकीला फक्त भाषणात यायचा.

ओढा चढला की हातात हात धरून साखळी करायची, दांडगा माणूस पुढं, ही तिथली रीत. काठावर आम्ही चौघं होतो. आमच्या आळीतले बागायतदार मामा, बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतलेले चाचा, रेल्वेच्या चाळीत झाडलोट करणारी, पलीकडच्या वस्तीवरची बाई, आणि मी. मामा माझं प्रत्येक पत्रक वाचून घ्यायचे. "लई झ्याक लिवता राव," म्हणायचे.

मामांनी बाईकडं पाहिलं, कमरेचा कोयता काढला आणि बाभळीची फांदी तोडली. भर पावसात उभं राहून एकेक काटा तासला. वर अंगठा फिरवून पाहिला.

"धर बाई. टोचायची न्हाई."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा अंगावर काटा आला. एवढी माया, एवढी मेहनत, कशासाठी? तर तिचा हात धरावा लागू नये म्हणून!

"मामा, हात द्या तिला!"

"आवं, काठी काय वाईट हाय? पानी वाढतंय. भाषण पलीकडं करा."

"गळ टाकताय व्हय, मामा?" चाचा म्हणाले. मामाही हसले.

काठीचं एक टोक धरून मामा पुढं झाले, दुसरं बाईनं धरलं. तिचा दुसरा हात मी धरला. तिनं तो मागं घेतला होता, मीच ओढून घट्ट धरला. माझ्या मागं चाचा.

मधोमध तिच्या पायाखालचा दगड सरकला. ओली काठी तिच्या मुठीतून सुटली आणि बाई पाण्यात आडवी झाली. चाचांनी माझं मनगट आवळलं नसतं तर दोघंही वाहत भीमा नदीला लागलो असतो. मामा तिच्यापासून हातभर अंतरावर होते. हातभर!

"हात, मामा, हात!"

मामांचा हात पुढं आला. थांबला. मग काठी पुढं आली.

नाकातोंडात पाणी जात असताना त्या बाईनं चाचपडत काठी शोधली. मामांनी जीव खाऊन ओढलं. ती काठाला लागली, ओकली, खोकली, जगली.

"निघाली की न्हाई?" मामा धापा टाकत म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यात ढोंग नव्हतं. त्यानंच मी जास्त हादरलो.

दरड निसरडी होती. मी सवयीनं हात वर केला, कारण एरवी मामाच मला वर ओढायचे. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. ह्याच हातानं मी तिला धरलं होतं. त्यांनी तीच काठी माझ्यापुढं केली.

"धरा की दादा," बाई कुडकुडत म्हणाली, "काटं काढल्यात."

मी चिखलात बोटं रोवून वर चढलो आणि वळून चाचांना हात दिला. मामा काठी धरून तसेच उभे होते.

"आवं," ते विचारत राहिले, "पर झालं तरी काय?"