पेटत्या स्टोव्हचं झाकण

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या स्टोव्हच्या कारखान्यात उमा चौबळ लागली ती ट्रेसर म्हणून. दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगच्या नकला करायच्या, एवढंच काम. बारा वर्षांनी, सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, मालक हेमचंद्रशेठनी तिला डिझाइनची मुख्य केलं. हाताखाली माणसं दोन. एक नवीन आलेली मीनल आणि दुसरे जयदेव. ते तिच्याहून वयाने आणि नोकरीनेही मोठे. ही खुर्ची आपल्याला मिळणार असं धरून त्यांनी घरी पेढेसुद्धा सांगून ठेवले होते म्हणे.

मुख्य झाल्यावर उमाने पहिल्यांदा काढला तो दहा वातींचा नवा स्टोव्ह. जुन्या स्टोव्हचं रॉकेल भरायचं झाकण मागच्या बाजूला होतं. बाईने दर वेळी स्टोव्ह का फिरवायचा, असा विचार करून तिने ते पुढे आणलं, तोंड मोठं केलं. अकरा दुकानदारांना विचारलं, अकराही खूश. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तिची सही होती. नवरा दिनानाथला ती म्हणालीही, "पहिल्यांदा कुणीतरी बाईच्या सोयीचं बघितलंय."

गणपती गेले आणि बदलापूरच्या दुकानदाराचा फोन आला. जांभूळ गावाच्या पुढच्या वाडीत पुतळी नावाच्या बाईचा हात भाजला होता. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतताना भडका झाला होता. स्टोव्ह नवीन होता, पुढच्या झाकणाचा.

हेमचंद्रशेठ शांत होते. "बाई लोक पेटत्यात भरतात, त्याला आपण काय करणार? एक कागद छापा. 'जळता स्टोव्ह भरू नये.' चिकटवा आणि माल काढा. दिवाळीच्या आत चारशे नग जायला पाहिजे."

"झाकण मागे नेलं तर?" मीनलने विचारलं.

"मॅडमच्या सहीचं झाकण आहे ते," जयदेव पेन्सिलीला टोक काढत म्हणाले. "मागे कसं नेणार?"

उमाला त्या रात्री झोप नाही. तिच्या घरी चार वर्षांपासून गॅस होता. म्हणजे तिने स्टोव्ह काढला तो आईच्या आठवणीवरून आणि दुकानदारांच्या सांगण्यावरून. ज्या बाईसाठी काढला, तिच्या शेजारी ती एक दिवसही बसली नव्हती.

रविवारी ती वाडीवर गेली. बाई शिव्या देईल, दिल्या तर ऐकून घ्यायच्या, असं ठरवून गेली होती. पुतळीच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं. कंपनीची बाई आली म्हटल्यावर तिने बसायला गोणपाट टाकलं.

"तुमचा ठोव गुणाचा हाय, बाय. माजाच हात वाकडा पडला."

हे ऐकून उमाला शिव्या परवडल्या असत्या असं झालं.

"भात लावा ना तुम्ही," ती म्हणाली. "मी नुसती बसते."

पुतळीने डाव्या हाताने भात चढवला. रॉकेलचा डबा सासूच्या खाटेखाली होता. सासूने त्यातून औषधाची एक बाटली भरून दिली, तेवढीच.

"टाकी पूर्ण का भरत नाही?"

"भरली का सगला जाळशील, असा म्हनते ती," पुतळी हळूच म्हणाली.

भाताला उकळी फुटली. पुतळीने पातेल्यासकट पेटता स्टोव्ह एका बाजूने उचलून कलता केला आणि कान खाली नेला. उमा गोणपाटावरून अर्धी उठली.

"काय करताय हे?"

"आयकते. किती र्‍हायलाय त्यो. वाजला का हाय, नाय वाजला का सपला."

"आणि संपला तर विझवून का नाही भरत?"

"अर्धा भात कच्चा र्‍हातो ना. मंग परत दहा वाती पेटवायच्या, काजळी धरते, काड्या जातात. सासू काय गप बसल?"

उमाने बरोबर नेलेल्या वहीत काही लिहिलं नाही. परतताना तिला एकच गोष्ट छळत होती. झाकण पुढे की मागे, हा प्रश्नच नव्हता. मागे नेलं तर या बायका पेटता स्टोव्ह फिरवतील. रॉकेल कधी संपणार ते बाईला दिसत नाही, आणि संपतं ते नेमकं अर्ध्या भातावर. तिने हात झाकणाशी चटकन पोचेल अशी सोय करून ठेवली होती, म्हणजे भडक्याचीच सोय.

सोमवारी कारखान्यात तिने तीन स्टोव्ह मांडले. जयदेव, मीनल आणि ती स्वतः. प्रत्येकाला तांदूळ आणि औषधाच्या बाटलीभर रॉकेल, बाकीचा डबा मधोमध. प्रत्येक स्टोव्हवर शेठनी छापून आणलेला कागद चिकटवलेला. कशासाठी ते तिने सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीच्या आत भात व्हायला पाहिजे."

"आता डिझाइन सेक्शनची खानावळ," जयदेव म्हणाले. "मीनल, पापड तू भाज."

पण करायला बसल्यावर जयदेवांना चेव चढला. "आमच्या हिला सांगू नका हं, नाहीतर रोज लावेल कामाला." पॅकिंगची माणसं बघायला जमली. कोणीतरी म्हणालं, मॅडमचा भात पुढे आहे, तसं जयदेव पंख्याचा वारा अडवायला पुठ्ठा घेऊन बसले. एवढ्यात हेमचंद्रशेठ दारात येऊन उभे राहिले. "ये क्या तमाशा है, उमाबाई?"

उमा उत्तर देणार तेवढ्यात जयदेवांच्या वाती पिवळ्या पडल्या. भात अर्धाच झाला होता. त्यांनी स्टोव्ह हलवून बघितला, आणि डावा हात रॉकेलच्या डब्याकडे, उजवा झाकणाकडे गेला. दोन बोटांत झाकण धरलं, फिरवलंही.

उमाने त्यांचं मनगट पकडलं.

कागदावरची अक्षरं जयदेवांच्या अंगठ्याच्या अगदी वर होती.

"जयदेव," शेठ म्हणाले, "तू तर शिकलेला आहेस ना रे?"

जयदेवांचा चेहरा उतरला. उमालाही बरं वाटलं नाही. तिने स्टोव्ह विझवला आणि म्हणाली, "त्यांची चूक नाही. भात अर्धा असला की कुणाचाही हात जाईल. चूक माझ्या ड्रॉइंगमध्ये आहे. चारशे नग जाणार नाहीत."

"दिवाळी?"

"नाही जाणार, शेठ."

"हे मुख्य झाल्यावर शिकलीस? माल अडवायला?"

ती आपल्या टेबलाकडे गेली. मग ड्रॉइंग काढून त्यावर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली. शेठ सिंधीत काहीतरी पुटपुटत निघून गेले. नोकरी राहिली की गेली, हे संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

चार वाजता जयदेव तिच्या टेबलाशी आले. हातात बुचाचा तुकडा, त्यात खोवलेली तार, तारेच्या वरच्या टोकाला बायकोच्या तुटक्या माळेतला लाल मणी. "टाकीत बूच तरंगेल. रॉकेल उतरलं की मणी खाली येईल. भात लावायच्या आधीच कळेल, पुरतंय की नाही." मग ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाले, "आणि झाकण वरच्या कड्याखाली घ्या. पातेलं उतरवून, स्टोव्ह विझवून कडं काढल्याशिवाय उघडणारच नाही."

"मग बायका चिडतील," मीनल म्हणाली.

"चिडू देत. आधी पुतळीबाईंना देऊन बघू," उमा म्हणाली. "आणि ड्रॉइंगवर सही जयदेवांचीही."

माल दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी गेला. शेठनी तोवर तिच्याशी कामापुरतंही बोलणं टाकलं होतं, पण काढलं नाही.

पुढच्या झाकणाचे त्र्याऐंशी स्टोव्ह मात्र त्याआधीच विकले गेले होते. उमाने दुकानदारांकडून नावं घेतली. अंबरनाथ पूर्व, बदलापूर, वांगणी, आसपासच्या वाड्या. सुट्टीच्या दिवशी ती आणि मीनल जायच्या, जुना स्टोव्ह घेऊन नवा द्यायच्या. काही बायका घाबरायच्या, नवा फुकट कसा? एकीने दारच उघडलं नाही, तीन वेळा जावं लागलं. वर्षभरात ब्याऐंशी परत आले.

राहिलेल्या एकाबद्दल वांगणीच्या दुकानदाराला एवढंच आठवत होतं, की कुणा मुलीच्या बापाने तो लग्नाच्या भांड्यांत द्यायला नेला. मुलगी कुठे दिली, माहीत नाही.

तेव्हापासून उमा सकाळी पेपर आला की आतलं पान आधी उघडते. स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली, अशी बातमी त्या वर्षांत आठवड्याला एखादी असायचीच. ती आधी गावाचं नाव वाचते, मग वय, मग लग्नाला किती वर्षं झाली ते. चहा निवत राहतो.

"अगं, सगळेच भडके काही स्टोव्हमुळे होत नाहीत," दिनानाथ एकदा म्हणाला.

"माहीत आहे," उमा म्हणाली. "कुठले होतात आणि कुठले नाही, ते यात लिहीत नाहीत."