पांढऱ्या रंगातलं नाव

श्रीधर गेल्याचं मला दुकानात कळलं. एक बाई मोठ्या सुटकेसची चाकं फरशीवर फिरवून बघत होत्या आणि मी माझ्या किमतीवर अडून बसलो होतो. फोनवर मंगलवहिनींचं नाव दिसलं. लीड्सच्या त्या घरून आलेला, आणि मी उचललेला, पाच वर्षांतला हा पहिला फोन... "भावजी, हे गेले. परवा, हॉस्पिटलमध्ये." मी विचारलं, "ॲडमिट कधी केलं होतं?" "नऊ दिवस झाले होते." नऊ दिवस, आणि मला कोणी कळवलं नाही! दुःखाच्या आधी मला राग आला, हे लपवत नाही. तसं मी म्हणालोही. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी दोनदा फोन लावला होता तुम्हाला."

आम्ही दोघं मित्र या देशात आलो तेव्हा लंडनमध्ये, हाउन्सलोला, एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायचो. मी विमानतळावर सामान चढवायचो, तो एक्स-रेचं शिक्षण घेत होता. पुढे तो लीड्सच्या एका हॉस्पिटलात लागला आणि मी बाजारात बॅगांचा स्टॉल टाकला. स्टॉलचं दुकान झालं ते कोणाच्या मेहेरबानीने नाही, माझ्या जिभेच्या जोरावर. भाव केल्याशिवाय मी काही घेत नाही आणि कोणी वर बोललं की माझं डोकं फिरतं. श्रीधरचं उलट. त्याला फक्त प्रश्न पडायचे. बस ड्रायव्हरला विचारायचा, शेवटच्या स्टॉपनंतर तुम्ही कुठे वळता? मी घासाघीस करत असलो की शेजारी उभा राहून मजा बघायचा. म्हणायचा, "दिन्या, तू स्मशानातसुद्धा लाकडांचा भाव करशील."

तो रिटायर झाला तेव्हा म्हणाला, पोलंडला जाऊ, तिथली नाझींची छळछावणी बघायला. दोघांच्या बायकांनी साफ नकार दिला. मी म्हटलं, "लोक रिटायर झाल्यावर स्पेनला जातात. तुला काय बघायचंय तिथे?" तो म्हणाला, "बघायचं नाही रे, विचारायचंय." आणि खरंच, गाईड बाईंना त्याने असले प्रश्न विचारले की बाकीचे लोक वळून बघायचे. इथला केर कोण काढतं? या जिन्याच्या पायऱ्या इतक्या झिजल्यात, त्या तेव्हा झिजल्या की आमच्यासारख्यांनी झिजवल्या? तुम्ही संध्याकाळी घरी गेल्यावर काय बोलता? बाई म्हणाल्या, "घरी आम्ही फक्त जेवणाबद्दल बोलतो." मला वेगळंच कुतूहल होतं. बसमागून बस येत होती, इतक्या भाषांचे गट एकाच दारातून आत जात होते आणि कुठे धक्काबुक्की नाही. हे कसं जमवतात, ते मी बघत होतो. धंद्याची नजर, दुसरं काय.

मग सुटकेसची खोली आली. काचेमागे ढीग, तिथे आणलेल्या लोकांच्या बॅगांचा. तिथे मात्र मी सगळ्यांच्या पुढे होतो. श्रीधरला दाखवत गेलो... ही दाबलेल्या पुठ्ठ्याची, स्वस्तातली. हिच्या कोपऱ्यांना रिव्हेट आहेत, ही चांगल्यापैकी. हिची मूठ तुटली होती, तारेने बांधलीय, निघायच्या गडबडीत बांधली असणार. जवळपास प्रत्येक बॅगेवर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव लिहिलेलं होतं, वीतभर अक्षरांत. श्रीधरने हळूच विचारलं, "दिन्या, बॅगेवर एवढं मोठं नाव कोण लिहितं?" मी दुकानात देतो तसं झटक्यात उत्तर दिलं, "ज्याला खात्री असते की बॅग परत आपल्या हातात येणार."

त्यानंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

बाहेर पडताना पुस्तकांचं छोटं दुकान होतं. मी माहितीची दोन पुस्तकं उचलली आणि काउंटरवरच्या मुलीला, सवयीने, म्हटलं, "दोन घेतो, काय लावणार?" मागून श्रीधर म्हणाला, "दिन्या, इथे नको." मराठीत म्हणाला, पण आवाज असा होता की रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी पुस्तकं तिथेच आपटली. बसमध्ये तो गप्प, विमानात गप्प. लूटनला उतरल्यावर मी राग गिळून हात पुढे केला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, बॅग उचलली आणि लीड्सच्या बसकडे चालायला लागला. एवढ्या वर्षांत 'येतो रे' म्हटल्याशिवाय तो कधी गेला नव्हता.

मी हिशोब सरळ केला होता, याला माझी लाज वाटली. एक्स-रेवाला साहेब आणि बॅगा विकणारा दिन्या. दर दिवाळीला त्याचा फोन यायचा, मी वाजू द्यायचो.

गेल्या रविवारी लीड्सला गेलो. मंगलवहिनींनी चहा ठेवला आणि मी न राहवून विचारलंच, "वहिनी, श्रीधर माझ्यावर इतका का चिडला होता?" त्या चकित झाल्या. "चिडले? तुमच्यावर? पोलंडहून परतले त्या दिवशी हे मागच्या दाराने आले. कपडे थेट मशीनमध्ये टाकले, मला शिवू दिलं नाही, आधी डोक्यावरून आंघोळ केली. मी घाबरून विचारलं, कोणाच्या मातीला जाऊन आलात का? तर म्हणाले, हो."

मी कप खाली ठेवला. मातीहून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, हे मलाही आईने शिकवलं होतं. मी सहलीहून परतलो होतो, तो मातीहून. तरीही म्हणतो, मला एका वाक्यात सांगायला त्याचं काय जात होतं? ...आणि फोन उचलायला माझं काय जात होतं?

निघताना जिन्याखाली ती बॅग दिसली. माझ्याच दुकानातली, निळी, तो रिटायर झाला तेव्हा मी दिलेली. हॉस्पिटलातून परत आली होती, अजून उघडलेली नव्हती. तिच्यावर पांढऱ्या रंगात, वीतभर अक्षरांत, श्रीधरचं नाव आणि घराचा पत्ता. वहिनी म्हणाल्या, "ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी रंगवत बसले होते. मी म्हटलं, चार स्टॉप पलीकडे जायचंय, एवढं मोठं नाव कशाला? तर म्हणाले, दिन्याला विचार, त्याला माहितीय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "का हो, भावजी?"

मी सांगितलं.

मी बूट घातले. 'येतो' अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. बॅगेच्या मुठीला एकदा हात लावला आणि काही न बोलता बाहेर पडलो. वहिनीही 'या' म्हणाल्या नाहीत.