चुकता येणारा हात

"थांब गं, पुन्हा वाचू दे." सिस्टरचं हे वाक्य दिवसातून वीसदा कानावर यायचं. बाटली उचलताना लेबल वाचायचं, औषध भरताना वाचायचं, परत ठेवतानाही वाचायचं. तुम्ही तिथे असता तर वैतागला असता. मी तर रोजच वैतागायचे.

घोटावड्याच्या त्या लहानशा दवाखान्यात मी मदतनीस होते. सिस्टर वसईकडच्या, कॅथलिक संन्यासिनी. सगळं गाव म्हणायचं, "सिस्टरचा हात कवा चुकत न्हाई." ते ऐकलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

एका दुपारी मी त्यांना डिवचलं, "तुमचे पोप कदी चुकत न्हाईत म्हणं?"

"कुणी सांगितलं? श्रद्धेची किंवा नीतीची गोष्ट साऱ्या चर्चसाठी कायमची ठरवून जाहीर करतात, तेव्हाच देव त्यांना चुकू देत नाही. एरवी तेही गुडघे टेकून पापं कबूल करतात."

"आन् बायबल?"

"ते लिहून झालंय. आपल्या तारणासाठी देवाला जे सांगायचं होतं, त्यात चूक नाही. चूक नसणं वेगळं, चुकताच न येणं वेगळं."

"मग तुमचं कुठलं?"

"माझं कुठलंच नाही. मला चुकता येतं, बाई. त्याचीच भीती वाटते."

मी आपली हसले.

त्यानंतर माझा सुन्या तापानं फणफणला. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहून दिलं. महिन्यापूर्वी तेच दिलं होतं, आधी थेंबभर टोचून बघून. कार्डावर सिस्टरच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'त्रास नाही.'

"तुमीच लिवलंय की! पोरगं जळतंय माजं, टोचा आता!" मी ओरडले.

"ते त्या दिवशीचं. थांब."

सुन्याच्या हाताला थेंबभर औषध टोचून त्या घड्याळाकडे बघत बसल्या. माझा जीव टांगणीला लागला होता. मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही ते बोलत होते. पाव तास भरायच्या आत त्या जागी लालभडक गांध उठली.

औषध बदललं, पोरगं वाचलं. सिस्टर मात्र ते कार्ड हातात घेऊन स्टुलावर बसल्या.

"कार्ड चुकीचं नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "पण मी तुझं ऐकणारच होते."

पुढे त्यांची बदली झाली. पत्रं यायची, तीही थांबली. मी शिकून नर्स झाले, त्याच दवाखान्यात.

एकदा एका म्हातारीनं दंड पुढे केला. "टोच, बाय. तुजा हात कवा चुकत न्हाई."

लेबल तीनदा वाचून झालं होतं. मी सिरिंज खाली ठेवली, बाटली उचलली आणि चौथ्यांदा वाचलं.