परत घेतलेले पेढे

आमच्या साडूंसारखा हट्टी माणूस कासार आंबोलीतच काय, अख्ख्या मुळशी तालुक्यात शोधून सापडायचा नाही. कॉलेजात जीवशास्त्र शिकवता शिकवता केस पांढरे झाले, तेव्हा त्यांना पीएच.डी. करायची लहर आली. विषय काय, तर भातखाचराच्या चिखलातले जिवाणू पाळायचे आणि त्यांच्याकडून चांदीचे अतिसूक्ष्म कण घडवून घ्यायचे. "सोनाराच्या बापाला जमणार नाही ते हे बिनपगारी करतात," असं कौतुकाने सांगायचे. चांदीच्या क्षाराने त्यांची दहाही बोटं कायम काळी असत. एका निवडणुकीत मतदान केंद्रावरच्या बाईंनी ती पाहून विचारलं, "काका, किती वेळा मत दिलंत?" साडूंनी सगळी रांग थोपवून, तुमच्या शाईतही हाच क्षार असतो, हे त्यांना समजावलं आणि मत देऊनच बाहेर पडले. त्यांच्या मागे मी उभा होतो; मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चिखल आणायचे ते घरामागच्या आजींच्या खाचरातून. डबा-चमचा घेऊन उकिडवे बसलेले साडू दिसले की आजी ओरडायच्या, "सर, चिखल लागंल तेवढा न्या, पर माझा बांध तुडवू नका. लई म्हेनतीनं घातलाय!" घरची मागची खोली हीच प्रयोगशाळा. भारनियमनात बाटल्या हलवणारं यंत्र थांबलं की साडू, मेहुणी आणि तावडीत सापडलेला मी, एकेक बाटली धरून गोल गोल हलवत बसायचो. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपत आली होती. चांदीचे कण तयार झाल्याची खूण म्हणजे तपकिरी रंग; तो बाटलीत आला नाही, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

आणि एका सकाळी रंग आला! साडूंनी तडक पेढे आणून आळीभर वाटले. दुपारी मेहुणीने खिडकीतली दुसरी बाटली उचलली. "अहो, हिच्यात जिवाणू घातलेच नव्हते ना? मग हीपण तपकिरी कशी?" साडूंनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. दोन्ही बाटल्या उन्हात राहिल्या होत्या आणि रंग उन्हाने आणला होता. मी म्हटलं, "ती दुसरी ओतून टाका. कोण विचारतंय?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी चहा अर्धा टाकून उठलो. संध्याकाळी ते दारोदार सांगत फिरले, "रंग खोटा निघाला. पेढे परत घेतलेत असं समजा."

आजी खो खो हसल्या. "पोटात गेल्याला आता कुटून परत द्यू? खरा रंग आला की दुसरा आना."

"आणीन," साडू म्हणाले.

जुन्या छत्र्यांचं काळं कापड बाटल्यांना गुंडाळून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी जिवाणूंची बाटली तपकिरी झाली आणि दुसरी नितळ राहिली. तरी पेढे नाहीत. "तीनदा येऊ दे," म्हणाले. तिसऱ्यांदा आला तेव्हा मुदतीचे मोजकेच दिवस उरले होते, आणि आजींना जाऊन महिना झाला होता.

प्रबंध देऊन आले ते पुडा घेऊन थेट खाचराकडे. मी मागोमाग गेलो. बांधाला पाय लागू न देता ते वाकले आणि काळ्या बोटांनी एक पेढा बांधावर ठेवला.

"आजी, हा परत मागणार नाही."

साडूंची चेष्टा करणं हा माझा जुना हक्क. त्या दिवशी मात्र मीही बांध न तुडवता, कडेकडेने त्यांच्या मागोमाग घरी आलो.