हुतूतू म्हणायचं नाही

एकसष्टाव्या वर्षी मी फार लहान होते. आता अडुसष्टची झाल्यावर त्या पोरीचे प्रताप आठवतात आणि तिचा कान धरून दोन पिळे द्यावेसे वाटतात.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटणं सुरू होतं. चौथ्या मजल्यावरच्यांची सूनबाई शाळेत पीटी शिकवते, तिला आम्ही सगळ्या मॅडमच म्हणतो. तिने जाहीर केलं, की दसरा झाला की आपल्या कोपरखैरण्यात पंचावन्नच्या पुढच्या बायकांची कबड्डी ठेवलीय, आपली टीम उतरवायची. "आधी कोणी खेळलंय का?" असं विचारायला तिने नुसतं तोंड उघडलं, तेवढ्यात मी हातातलं मोदकांचं ताट शेजारणीच्या हातात कोंबलं आणि बोलून मोकळी झाले, "मी. चढाई माझी."

विचारलं होतं कोणी चढाईचं? नाही. पण एकसष्टच्या पोरींना दम कुठे असतो.

तेवढ्यावरही थांबले नाही. घरी येऊन बोनकोड्याला माहेरी फोन लावला आणि दोन्ही वहिन्यांना सांगितलं, बघायला या, तुमची नणंद चढाई करणार आहे. ह्याच दोघी लग्न होऊन नव्या आल्या होत्या तेव्हा मी खळ्यावर खेळताना बघून आपसात म्हणाल्या होत्या, "ही पोर हाय का पोरगा?" त्यांना दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं ते आज विचाराल तर मलाही धड सांगता येणार नाही.

पहिला सराव खाली पार्किंगमध्ये झाला, कारण मैदान अजून ओलं होतं. गाड्या बाजूला घेऊन जुन्या गाद्या अंथरल्या. मी पदर खोचला, मांडीवर थाप मारली आणि पलीकडच्या बायकांवर चालून गेले, "हुतूतू हुतूतू हुतूतू..."

शिट्टी.

"आजी, हे काय?" मॅडम म्हणाली.

"दम घेतेय."

"दम कबड्डीचा घ्यायचा. एका श्वासात कबड्डी, कबड्डी म्हणत जायचं आणि म्हणतच परत यायचं. दुसरा शब्द निघाला की पंच परत पाठवतात आणि समोरच्यांना फुकटचा पॉइंट मिळतो."

"एवढ्याशा शब्दासाठी?"

"एवढ्याशा शब्दासाठी."

बायका गाद्यांवर बसून हसत होत्या. मलाही आधी गंमतच वाटली. पुन्हा गेले. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, सगळं ठीक. मग समोरून कोणीतरी माझ्या पायाकडे झेपावलं, मी उडी मारून मागे सरले आणि तोंडातून आपसूक निघालं, "हुतूतू!" तिसऱ्यांदा तेच. जिभेचं वेगळं काही चालतच नव्हतं, ती पायांना बांधलेली होती. पाय पळायला लागले की ती बोनकोड्याच्या खळ्यावर जायची. तिथे भाताची झोडणी झाल्यावर आम्ही पोरी अंधार पडेपर्यंत खेळायचो, आणि आमच्यात कबड्डी हा शब्द कोणी उच्चारलाच नव्हता. शाळेत मुलींचा संघ नव्हता, मग कोण शिकवणार?

त्या रात्रीपासून झोप उडाली ती उडालीच. जेवायला बसलं की घास फिरायचा. बीपीची गोळी घेतली की नाही तेही आठवेना, म्हणून मशीन लावून बघायचे, आणि आकडा बघून आणखी घाबरायचे.

पाचव्या मजल्यावरच्या नांदेडच्या बाई, निवृत्त नर्स, त्यांना सगळी इमारत सिस्टर म्हणते. त्या आमच्या टीममध्ये पकडीला होत्या. एकदा कोणाचा घोटा धरला की सोडत नसत. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "कामून टेन्शन घ्यायलात, ताई? औषध समजा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेवणानंतर कबड्डी म्हणत जा. जीभ आपोआप वळतीय."

मी औषध सुरू केलं. भाजी निवडताना कबड्डी, अंघोळ करताना कबड्डी. रिक्षात पुटपुटत बसले तर रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "मावशी, तब्येत ठीक ना? हॉस्पिटलला घेऊ?" संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि सुरू झाले. मागून आमच्या ह्यांचा आवाज आला, "आगो, देवाला आउट करतंस का काय?"

चार दिवस बरे गेले. जीभ वळतेय असं वाटायला लागलं. मग दिवाळे गावातली मावरेवाली दारात आली. पाटीतले बोंबील मोजता मोजता माझ्याकडे बघत राहिली. "काय पुटपुटतंस गो बाय? कोनी करनी केली का?"

मी सगळं सांगितलं.

"कबड्डी?" तिने नाक मुरडलं. "ती टीव्हीवरच्या पोरांची. आपलां हुतूतू." आणि पाटी डोक्यावर घेऊन जिना उतरता उतरता मोठ्याने, खणखणीत, एका दमात, "हुतूतू हुतूतू हुतूतू..." तळमजल्यापर्यंत. झालं. माझी चार दिवसांची औषधं तिच्या पाटीतल्या पाण्याबरोबर जिन्यावरून वाहून गेली.

मॅडमने स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, रविवारी शेजारच्या सेक्टरच्या टीमबरोबर प्रॅक्टिस मॅच आहे. त्यात एकदा जरी घसरलात तर चढाई दुसऱ्या कोणाला देणार." शनिवारी मी डाळीत मीठ दोनदा घातलं. रविवारी दुसऱ्याच चढाईत घसरले.

मॅडमने उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. आता मी तिथे उभं राहून येणारीचे पाय पकडायचे. पकडणारीला काही म्हणावं लागत नाही. तोंड मिटून उभी राहा. सिस्टर खूश झाल्या, "या, माझ्या बाजूला."

घरी येऊन वहिन्यांना फोन केला. म्हटलं, येऊ नका, ऊन फार आहे.

"आमी टोप्या घेतल्या," धाकटी म्हणाली. "दोघींना सारख्या."

स्पर्धेच्या दिवशी ऊन खरंच फार होतं. मैदान वाळून टणक झालेलं, चुन्याच्या रेषा डोळ्यांना टोचत होत्या. कडेला दोन सारख्या लाल टोप्या दिसत होत्या. मी कोपऱ्यात तोंड मिटून उभी राहिले आणि कितीतरी दिवसांनी बीपीची आठवणसुद्धा झाली नाही. एक घोटा तर मी पकडलासुद्धा. सिस्टर तिच्या अंगावर पडल्या आणि समोरचीचा दम तुटला.

पण कबड्डीत कोपऱ्यात लपून भागत नाही, हे त्या पोरीला कुठे ठाऊक. आमच्या चढाईवाल्या एकामागून एक बाद होऊन बाहेर बसल्या. रेषेच्या आत उरलो तिघी. मी, सिस्टर आणि गुडघ्याला पट्टा बांधलेली तळमजल्यावरची. कोणीतरी जायलाच हवं.

"सिस्टर, तुम्ही जा."

"मी गेले तर पकडायला कोण राहील? जा, ताई."

गुडघेवालीने आभाळाकडे बघितलं. बाहेरून मॅडम ओरडली, "आजी, वेळ जातोय!" पंच बाई घड्याळ बघत होत्या. मी पदर पुन्हा खोचला. मनात एकच, कबड्डी, क-ब-ड्डी, देवा, तेवढं एक.

मध्यरेषेवर पाय ठेवला आणि सुरू केलं. कबड्डी, कबड्डी. समोर चार जणी, मधली माझ्याच वयाची, दंडाने जाड. कबड्डी, कबड्डी. आणि त्याच क्षणी कडेच्या दोन लाल टोप्या उठून उभ्या राहिल्या. माझ्या सख्ख्या भावांच्या बायका, गळा काढून, टाळ्या पिटून ओरडायला लागल्या, "हुतूतू गो! हुतूतू! घे दम! हुतूतू!"

असं वाटलं, तिथेच बसकण मारावी. मी दातांवर दात ठेवले. पण दात मिटून दम म्हणता येत नाही, म्हणून पुन्हा उघडले. कबड्डी. शब्द इतका घट्ट धरला होता, की कोणाला हात लावायचा असतो हेच विसरले. जाडजूड दंडाच्या बाईने कमरेला मिठी मारली, दुसरीने पाय ओढला, आणि मी आडवी. वर तीन बायका. छातीत हवा नाही. तोंडात माती. तरी म्हणतेय, कबड्डी, कबड्डी, क...

शिट्टी वाजली. बायका उठल्या. आमच्या बाजूला सगळ्यांनी डोक्याला हात लावला होता, मॅडमने तर पाठच फिरवली होती. आणि ही एकसष्टची पोर धुळीत उताणी पडून, केसांत चुना, दात विचकून हसतेय.

पंच बाई वाकल्या. "मावशी, लागलं का कुठे?"

"ते राहू द्या," मी म्हटलं. "शब्द बरोबर होता ना?"

"शब्द एकदम बरोबर," त्या म्हणाल्या. "आता बाहेर जाऊन बसा."