बॅटरी माझ्या खिशात होती

जिन आहेत असं किताबात लिहिलंय, तेवढं मी मानतो. पण ते अमक्याच्या मावशीला चिंचेखाली दिसले, तमक्याच्या गाडीत मागे येऊन बसले... हे मी कधीच मानलं नाही. असल्या गप्पा निघाल्या की मी चहा अर्धा टाकून उठायचो. चौथी शिकलोय. सगळी उमर गाडी चालवण्यात गेली, वाळवंटातून एकटा आलोय-गेलोय, कधी काही दिसलं नाही. म्हणून इथे लिहायला लाज वाटते. पण लाजेचं खरं कारण वेगळंच आहे, ते पुढे येईल.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. आता कतारला, दोह्यात फरीज बिन ओमरान मोहल्ल्यात मुलाच्या फ्लॅटवर असतो. मुलगा इरफान रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टमध्ये. सून नाझनीन फोटो काढते — लग्नाचे नाही, पक्ष्यांचे. शुक्रवारी चार लोकांना घेऊन जाते. वर्कशॉप म्हणतात त्याला. कॅमेरा कसा धरायचा, उजेड कुठून घ्यायचा हे शिकवते, आणि शिकलेसवरलेले लोक ते शिकायला येतात! मला पटायचं नाही. घरातली बाई परक्या माणसांना घेऊन चिखलात फिरणार? इरफानला बोललो, तर तो म्हणाला, "मग तुम्हीच जा ना सोबत, अब्बा. गाडी तुम्ही चालवा."

गेलो. मदत म्हणून नाही, राखण म्हणून.

सुनेला मी कधी नावाने हाक मारली नव्हती. नातीला सांगायचो, "तुझ्या मम्मीला म्हणावं, चहा." नात ते इंग्लिशमध्ये पुढे पोचवायची. इतकी वर्षं असंच चाललेलं.

गेल्या थंडीतली गोष्ट. जुम्म्याची नमाज करून आम्ही अल धखीराला गेलो. तिथे समुद्रात तिवराची झाडं आहेत, आपल्या खाडीत असतात तशीच. ओहोटीला पाणी गेलं की चिखलातून चालत आत जायचं, तिथे फ्लेमिंगो उतरतात. बरोबर पुण्याचे कुलकर्णी होते, इंजिनिअर माणूस, आणि केरळचे तिघे. सगळ्यांच्या गळ्यात हातभर लांब लेन्स, पाठीवर कॅमेऱ्याची तिकाटणी, गुडघ्याला पॅड. मी म्हटलं, "पक्षी मारायला चाललाय की काय?" कुलकर्णी हसले. "चाचा, एकदा त्यातून बघा तरी." मी म्हटलं, "मला डोळे आहेत."

नाझनीनने पाण्याच्या कडेला एक काठी रोवली, तिला लाल पट्टी होती. मला म्हणाली, "अब्बा, पाणी पट्टीला लागलं की वॉकीटॉकीवर सांगा. हॉर्न नको, पक्षी उडतील. हे बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं."

"मला पाणी शिकवू नको," मी म्हटलं. "भरती-ओहोटीत वाढलोय मी."

"माहीत आहे अब्बा, म्हणून तर तुम्हाला ठेवलंय."

चार लोकांसमोर लहान पोराला समजावावं तसं बटण समजावलं, ते मला लागलं. तिची पाठ वळली तशी मी त्या डबड्याची मागची बॅटरी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. डबडं डॅशबोर्डवर फेकलं. म्हटलं, वेळ येईल तेव्हा ओरडून सांगू.

आता शरमेची गोष्ट. मागच्या सीटवर तिचा जादा कॅमेरा होता. आजूबाजूला कोणी नव्हतं... घेतला. डोळ्याला लावला. समोर एक बगळा उभा होता, तो इतका जवळ आला की त्याच्या डोळ्याची पिवळी कड दिसली. एक पाय उचलून तो चिखलात हळूच हलवत होता, खालचा मासा उठवायला. आमचे बावा, म्हणजे वडील, खाडीत अगदी तसाच पाय हलवायचे. मी बघतच राहिलो. बटण दाबलं, परत दाबलं. बगळा पुढे सरकला, मीपण त्याच्यामागे सरकलो.

डबक-डबक असा आवाज कानावर आला तेव्हा मान वर केली. नाझनीन पुढे आणि बाकीचे मागे, तिवराची कड धरून येत होते. पाणी त्यांच्या मांडीला होतं. लाल पट्टीची काठी कुठेच नव्हती... बुडाली होती. आपल्याकडे भरती समोरून येते, आवाज करत. इथे जमीन सपाट, पाणी गुपचूप मागच्या चरांतून शिरतं आणि माणसाची वाट तोडतं. हे मला माहीत नव्हतं. आणि तिला पोहता येत नाही, हे मला माहीत होतं.

मी धावत गाडीशी गेलो, कॅमेरा सीटवर टाकला आणि हॉर्न दाबला. ते किनाऱ्याला लागत असताना! मी लक्ष ठेवून होतो असं दिसावं म्हणून, दुसरं काय.

कुलकर्णी धापा टाकत आले नि माझा हातच धरला. "चाचा, वाचवलंत! अजून थोडं थांबलो असतो तर मधला चर गळ्याएवढा झाला असता."

तेवढ्यात नाझनीन समोर आली. कानात अजून वॉकीटॉकीची वायर. डोळे भरलेले. म्हणाली, "अब्बा, तुम्ही मला पोरी म्हणालात."

"कधी?"

"आता, वॉकीवर. दोनदा. 'पानी मागून भरतंय पोरी, डावीकडच्या तिवराला धरून वर ये.' नाहीतर आम्ही उजवीकडूनच निघालो होतो."

कुलकर्णी म्हणाले, "मीपण ऐकलं, माझ्या सेटवर. तुमचाच आवाज, खोकल्यासकट."

इथे मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण माझा स्वभाव! 'पोरी' हा शब्द चार लोकांत माझ्या नावावर लागला, तो मला झोंबला. खिशातून बॅटरी काढून सगळ्यांसमोर धरली. "मी काही बोललो नाही. मी कुणाला पोरी-बिरी म्हणत नाही. ही बघा, बॅटरी इथे आहे!"

बोललो ते खरंच. पण खरं बोलायला नाही, ताठ्याने बोललो.

नाझनीनने बॅटरीकडे बघितलं, डबड्याच्या रिकाम्या पाठीकडे बघितलं, मग सीटवरच्या कॅमेऱ्याकडे. तिला सगळं कळलं. चेहऱ्यावर जे आलं होतं ते उतरलं. ओली पॅन्ट पिळत एवढंच म्हणाली, "मग ते कोण होतं, अब्बा?"

कुलकर्ण्यांनी सिग्नल, दुसऱ्याची लाइन, असं काय काय सांगून बघितलं. पण आमच्या खाडीची बोली त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाला येणार? आणि डावीकडची जमीन घट्ट आहे हे मला तरी कुठे माहीत होतं? शेवटी त्यांनीपण नाद सोडला. घरी पोचल्यावर तिने रोजच्यासारखा चहा दिला. जो कोणी माझा आवाज घेऊन बोलला, त्याने माझं काम केलं. वर जे मी इतक्या वर्षांत केलं नाही तेपण केलं. आणि मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

पुढच्या ट्रिपला तिने मला बोलावलं नाही. मीच चावी घेऊन खाली जाऊन बसलो. ती येऊन मागे बसली. तीच जागा, तीच काठी. बॅटरी मी स्वतः बसवली, हिरवा दिवा बघून घेतला. कॅमेऱ्याला हात लावला नाही. काठीवरून नजर हलवली नाही. पाणी पट्टीला लागलं. बटण दाबलं, तर तोंडातून शब्द निघेना. परत दाबलं. म्हटलं, "पानी भरतंय... पोरी. वर ये."

बटण सोडलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग तिचा आवाज आला, हसरा.

"निघालोय, अब्बा. किती वेळा सांगाल? मघाशीच ऐकलं की."

मी एकदाच बोललो होतो.

हे तिला अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशीसारखा तिचा चेहरा मला परत उतरवायचा नाही. ते काय होतं, माझ्याआधी कोण बोललं, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर मला सांगा... तिला सांगू नका.