नमुन्याची विल्हेवाट

चाकणच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते तिथे पार्सलचे प्लास्टिकचे डबे बनतात. मिसळीचा रस्सा सांडणार नाही असा डबा शोधणं, हे माझं संशोधन. त्यासाठी महिनाभर रोज संध्याकाळी पदरच्या पैशांनी मिसळ घ्यायची, गाडीच्या हुकाला अडकवून खड्ड्यांतून आकुर्डीच्या घरी न्यायची आणि किती सांडली ते लिहायचं. एवढं शिकून मी हे करते, हे माहेरी अजून सांगितलेलं नाही.

महिन्याची बिलं दिली तर अकाउंट्सच्या मॅडमनी फॉर्मातल्या एका रकान्यावर बोट ठेवलं: नमुन्याची विल्हेवाट.

"टाकून दिली असेल तर कंपनीचा खर्च. खाल्ली असेल तर तुमच्या पगारात धरणार आणि टॅक्स कापणार."

"आणि जी रस्त्यात सांडली?"

"ती कंपनीची," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या.

मिसळ रोज माझे सासरे खात. सगळा जन्म शेतीत गेला, आणि जमीन विकल्यापासून नुसते बसून असतात. घरी फॉर्मवर 'टाकून दिली' लिहायला घेतलं तेवढ्यात त्यांनी पाहिलं.

"अन्न टाकलं आसं लिवायचं न्हाई. आन मी काय फुकट खाल्ली व्हय? झाकण काढलं की शर्टावर उडतंय, ह्ये कुनी सांगितलं?"

त्यांनीच सांगितलं होतं. माझं सगळं लक्ष खड्ड्यांकडे; डबा शेवटी कुणालातरी उघडावा लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी लिहिलं: सासऱ्यांनी तपासून खाल्ली. मॅडमनी 'तपासून' खोडलं आणि टॅक्स कापला. मी एक घासही न खाता माझ्या पगारातून कापला, याचा मला भयंकर राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुढच्या आठवड्यात नव्या झाकणाचा डबा घरी नेला. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे डागाळलेला शर्ट चढवून तो उघडला. एक थेंब उडाला नाही. त्यांनी शर्ट वरपासून खालपर्यंत पाहिला.

"मंजी आमचं काम झालं म्हनायचं," ते हळूच म्हणाले.

मी घाईघाईने म्हटलं,

"कसलं झालं, मामा? दह्याचा डबा राहिलाय अजून."

आमची कंपनी दह्याचा डबा बनवतच नाही. रोजच्या दह्याची बिलं मी मॅडमना दाखवत नाही.